अक्कलदाढ: आडवी, उभी आणि अवघड

खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या माझ्या दवाखान्यात अक्कलदाढेचा पेशंट येतो तो बहुतेक वेळा निदान करूनच येतो. हातात ओपीजीची, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेची, फिल्म असते. ती तो स्वतःच दाराच्या उजेडात धरतो आणि सांगतो, "डॉक्टर, आडवी आहे." बरोबर आलेला मेव्हणा गंभीरपणे मान हलवतो. आडवी म्हणजे अवघड, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. एखादी उभी दिसणारी दाढ मी मोठ्या रुग्णालयात पाठवायची म्हटले, तर यात डॉक्टरांचे काहीतरी गौडबंगाल आहे असा चेहरा होतो.

लोकांना हसण्यात अर्थ नाही, कारण आमचा धंदाही शंभरेक वर्षे याच फिल्मकडे बघत त्याच प्रश्नाशी झटतो आहे. खालची अक्कलदाढ काढायला बसण्याआधी ती किती छळेल आणि काढल्यावर माणसाचे काय नुकसान होईल, हे आधी सांगता येते का? यावर मोजपट्ट्या निघाल्या, गुणपत्रके निघाली, ती तपासणारे अभ्यास झाले. हे सगळे वाचून आणि वीसेक वर्षे खुर्चीशेजारी उभा राहून माझे मत असे झाले आहे, की दाढ किती वेळ घेईल हे सांगण्यात आम्ही बेताचेच आहोत. पण ती कुणी काढावी, कुठे काढावी, कधी काढावी आणि काढावी की नाही, एवढे नीट विचारले तर आधी ठरवता येते. मोजपट्टीचा खरा उपयोग तेवढाच.

अडचण मुळात जागेची आहे. ही दाढ साधारण सतरा ते पंचविसाव्या वर्षी, सगळ्यांच्या शेवटी येते आणि तोपर्यंत जबड्यातली जागा वाटून झालेली असते. पुढे दुसरी दाढ. मागे जबड्याचे हाड जिथे वळून कानाकडे वर चढते तो उभा भाग. गालाच्या बाजूला जाड हाड, जिभेच्या बाजूला मात्र पातळ पापुद्रा, आणि त्याला लगटून जिभेची नस. खाली हाडातल्या नळीतून जाणारी दुसरी नस, जिच्यामुळे खालचा ओठ आणि हनुवटी यांना स्पर्श कळतो. एवढ्या दाटीत दाढ हलवायची तर कुठल्यातरी शेजाऱ्याला धक्का लागणारच.

पहिली नीटस मोजणी अमेरिकेत जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली मांडली. त्यांनी दाढेचा कल पाहिला: पुढे झुकलेली, उभी, मागे झुकलेली, आडवी. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन रेषा विद्यार्थी अजून फिल्मवर ओढतात. पांढरी रेषा पुढच्या दाढांच्या माथ्यावरून, पिवळसर रेषा हाडाच्या कडेवरून आणि तांबडी रेषा हाडापासून खाली, दाढ उचकटायच्या हत्याराचे, म्हणजे एलिव्हेटरचे, टोक जिथे टेकवायचे तिथपर्यंत. तांबडी रेषा ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की काम जड, हा पाठ्यपुस्तकातला जुना नियम. पुढे १९३३ मध्ये पेल आणि ग्रेगरी यांनी खोली आणि जागा यांची वर्गवारी दिली. दाढ शेजारणीच्या पातळीला असेल तर अ, तिच्या मानेपर्यंत असेल तर ब, त्याहून खोल तर क. मागे पुरेशी जागा असेल तर पहिला वर्ग, अर्धी दाढ हाडात असेल तर दुसरा, सगळीच हाडात असेल तर तिसरा. मुंबईत नायर दंत महाविद्यालय सुरू झाले तेही १९३३ सालीच. म्हणजे हे महाविद्यालय आणि ही वर्गवारी एकाच वयाची. आजही आम्ही एकमेकांना चिठ्ठी लिहितो ती याच भाषेत.

भाषा म्हणून ती उत्तम आहे. बिघडते ती तिचे गुण केल्यावर. पेडरसन यांनी १९८८ मध्ये विंटर आणि पेल-ग्रेगरी एकत्र करून गुणपत्रक केले. पुढे झुकलेल्या दाढेला १, आडवीला २, उभीला ३, मागे झुकलेलीला ४. खोलीचे १ ते ३, जागेचे १ ते ३. बेरीज ३-४ आली तर सोपी, ५-६ मध्यम, ७ ते १० अवघड. आता या कोष्टकात एक सरळ, पूर्ण वर आलेली, मागे भरपूर जागा असलेली दाढ घालून पाहा. उभी म्हणून ३, वर म्हणून १, जागा आहे म्हणून १, बेरीज ५. म्हणजे मध्यम अवघड! जी दाढ कुठलाही दंतवैद्य फोर्सेप्सने धरून पाच मिनिटांत बाहेर काढील, तिला हे कोष्टक सोप्यात बसू देत नाही. स्पेनमधल्या सान्तियागो द कॉम्पोस्तेला इथल्या संशोधकांनी २००० मध्ये पेल-ग्रेगरी आणि २००७ मध्ये पेडरसन तपासून पाहिले. दोन्ही वेळा निष्कर्ष असा निघाला, की या मोजपट्ट्यांवरून प्रत्यक्ष अडचणीचा भरवशाचा अंदाज येत नाही.

तरी पेडरसन एका गोष्टीत बरोबर आहेत आणि फिल्म घेऊन येणारा मेव्हणा चुकीचा. आडवीला २ आणि मागे झुकलेलीला ४, हा क्रम उगीच नाही. आडवी दाढ दिसते भयंकर, पण तिचे डोके पुढे असते. मायक्रोमोटरवर बर, म्हणजे फिरते कापायचे टोक, लावून डोके वेगळे केले की रिकाम्या झालेल्या जागेत मुळे पुढे ओढून घेता येतात. मागे झुकलेली दाढ फिल्मवर जवळजवळ सरळ वाटते आणि पेशंट खूश होतो. पण एलिव्हेटर लावला की तिची बाहेर पडायची दिशाच मागच्या उभ्या हाडात घुसते. जेवढा जोर लावाल तेवढी ती मागे रुतते. तिच्यासाठी मागचे हाड घालवावे लागते आणि मागे जावे तसतशी हाताला जागा उरत नाही. पुढे पाठवण्याच्या माझ्या चिठ्ठ्यांत अशा 'सरळ' दाढा जास्त असतात, आडव्या कमी.

अवघडपणा मोजायचा तरी कसा, हाही वादच आहे. बहुतेक अभ्यासांत घड्याळ लावतात. पण घड्याळ दाढेइतकेच हातालाही मोजते. दुसरी रीत म्हणजे परांत यांची पायरी: नुसत्या फोर्सेप्सने निघाली, हाड कापावे लागले, दाढ तोडावी लागली, मुळे वेगळी करावी लागली. ही प्रामाणिक आहे, पण काम झाल्यावरच कळते. लंडनमध्ये रेंटन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली जे घटक दाखवले त्यांत दाढेच्या खोलीबरोबर आणि मुळांच्या आकाराबरोबर माणसाचे वय, वजन आणि शल्यचिकित्सकाचा अनुभवही होता. नायजेरियातल्या लागोसहून २००७ मध्ये आलेल्या अभ्यासातही वय आणि अंगकाठी पुन्हा वर आली, आणि फिल्मवरून खोली आणि मुळांचा बाक. म्हणजे निम्मी परीक्षा फिल्मबाहेरची आहे.

वयाचे कारण खुर्चीत लगेच कळते. विशीतल्या मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे, दाबले की जरा सरकते. मुळे कधी अर्धी-पाऊणच झालेली असतात आणि दाढेभोवती थोडी फट असते. चाळिशीनंतर हाड कडक होते, फट बुजते, मुळे पूर्ण होऊन वाकलेली असतात. सूज उतरायला आणि जखम भरायलाही वेळ लागतो.

आमच्या भागात याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती विंटर, पेल-ग्रेगरी, पेडरसन यांपैकी कुणाच्याही कोष्टकात नाही: तोंड उघडते किती? पेशंटला मी म्हणतो, "तुमचीच तीन बोटं उभी धरून दातांत घाला." तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर मी फिल्म बाजूला ठेवतो आणि गालाच्या आतून बोट फिरवतो. पांढुरकी, चामड्यासारखी ताठ पट्टी हाताला लागते. कारखान्यातले, गाडीवरचे, दुकानातले तरुण, पंचवीस-तीस वर्षांचे. गुटखा किंवा मावा. सुपारीने गालाखालचा थर घट्ट आवळत जाण्याच्या या विकाराला मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये नाव दिले आणि १९५६ मध्ये डॉ. जे. सी. पेमास्टर यांनी त्याचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला धागा दाखवला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती आहे हे पेशंटचे गाल सांगतात. अशा माणसाची पेडरसनमध्ये ४ गुणांची, अगदी 'सोपी' दाढ हीसुद्धा माझ्या खुर्चीत नरक होते, कारण हत्यार आत जात नाही, गेले तर फिरत नाही, आणि दिसत तर काहीच नाही. याची दाढ मागाहून. आधी गालाचा तुकडा तपासायला पाठवायचा की काय, तो विचार.

तोंड न उघडण्याचे दुसरे कारण साधे असते. दाढेवरच्या हिरडीच्या टोपीखाली अन्न अडकून पू झालेला असतो आणि स्नायू आखडतात. हे गोळ्यांनी आणि खारट कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आठवड्यात सैल होते. मेट्रोनिडॅझोल दिले की दारूबद्दल स्पष्ट विचारावे लागते आणि "थोडीशी" या उत्तरावर विश्वास ठेवायचा नसतो. ज्याला गिळता येत नाही, जिभेखाली फुगले आहे, ताप आहे, त्याच्या बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. तो माझ्या दवाखान्याचा पेशंट उरत नाही. श्वासाची वाट कधीही अडू शकते. त्याला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पाठवणे हाच उपचार.

अवघडपणा हा डॉक्टरचा त्रास, धोका हा पेशंटचा. दोन्ही एकत्र मोजायची सवय आम्हाला लागली आहे, ती चुकीची आहे. वरवर असलेली, पाच मिनिटांत निघणारी दाढसुद्धा नसेला चिकटलेली असू शकते.

खालच्या नसेबद्दल जे थोडे पक्के सांगता येते त्याचे श्रेय १९९० मधल्या रूड आणि शेहाब यांच्या अभ्यासाला आहे. त्यांनी फिल्मवरच्या सात खुणा तपासल्या. त्यांतल्या तीन विशेष अर्थाच्या निघाल्या: नसेच्या नळीची पांढरी रेघ दाढेपाशी तुटणे, नळीने वळण घेणे आणि मुळावर काळपट पट्टा दिसणे. या खुणा दिसल्या म्हणजे नस दुखावणारच असे नाही. पण एकही खूण नसेल तर मात्र बऱ्यापैकी निश्चिंत राहता येते. ओपीजी ही खोलीचा फोटो भिंतीवर चेपून लावल्यासारखी असते. नस मुळाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तिच्यावर कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. तिच्यात सगळे तिन्ही बाजूंनी दिसते आणि डॉक्टरला बरे वाटते. मात्र ओपीजी आणि सीबीसीटी यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत सीबीसीटीमुळे नसेची इजा कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून मी ती सरसकट मागवत नाही. तीन खुणांपैकी एखादी दिसली आणि उत्तरावरून माझा बेत बदलणार असेल तरच मागवतो. खर्च पेशंटचा असतो.

बेत बदलण्याची एक वाट म्हणजे दाढेचे डोके कापून मुळे जागेवरच ठेवणे, म्हणजे कोरोनेक्टॉमी. लंडनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नसेला धोका आहे अशा खुणा असलेले १२८ पेशंट होते. पूर्ण काढलेल्या १०२ दाढांपैकी १९ दाढांपाशी नसेला इजा झाली. डोके कापून मुळे यशस्वीपणे ठेवलेल्या ५८ दाढांत एकीपाशीही नाही. पण आणखी ३६ दाढांत डोके कापताना मुळे हलली, ती काढावी लागली, आणि त्यांत तीन दाढांपाशी इजा झाली. आकडे मोहात पाडणारे आहेत, म्हणूनच त्या ३६ कडे लक्ष द्यावे. मुळे आधीच हलत असतील, किडलेली असतील, किंवा दाढ नळीला समांतर आडवी पडली असेल, तर हा उपाय नाही.

सगळ्या दाढा धरल्या तर ओठाचा कायमचा बधिरपणा बहुतेक पाहण्यांत शंभरात एकाहूनही कमी जणांना होतो. तात्पुरता त्याहून बराच जास्त. शंभरात एक हे ऐकायला छोटे आहे. ज्याला झाले त्याच्या चहाचा ओघळ हनुवटीवरून शर्टावर येतो आणि त्याला ते कळत नाही. दाढी करताना कापते, ते आरशात रक्त दिसल्यावर समजते. जिभेच्या नसेची गोष्ट आणखी वाईट, कारण ती कुठल्याच फिल्मवर दिसत नाही आणि काही माणसांत हाडाच्या कडेच्याही वर, नुसत्या हिरडीखाली असते. तिथे उपयोगी पडते ते एकच: जिभेच्या बाजूला हत्यार न नेणे. जुन्या पिढीत छिन्नी-हातोडीने आतला पापुद्रा फोडून दाढ जिभेकडे काढायची पद्धत होती. टी. जी. वॉर्ड यांनी १९५६ मध्ये तिचे वर्णन केले आहे. निष्णात हातात ती विलक्षण वेगवान असे. माझ्या हाती ती नको.

बाकी धोके पटकन सांगतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हे आधी सांगितले नाही तर रात्री अकराला फोन येतो. जबडा मोडणे फार क्वचित घडते, पण होते ते बहुधा घरी, दोन-तीन आठवड्यांनी, माणूस बरा झालो समजून चिक्की किंवा हाड चावतो तेव्हा, आणि त्यात चाळिशीपुढचे पुरुष जास्त. जखमेतली गुठळी निघून हाड उघडे पडणे, म्हणजे ड्राय सॉकेट, याचा प्रताप तिसऱ्या दिवशी कळतो. औषधाला न जुमानणारा ठणका. तंबाखू आणि विडी हे त्याचे जवळचे नातेवाईक. कष्टकरी बायकांत मशेरी असते आणि "मशेरी लावता का?" या प्रश्नाला मान नकारार्थी हलते, कारण सोबत सून बसलेली असते. सुनेला औषधाच्या दुकानात पाठवून परत विचारावे. जखमेत लवंगेचे तेल घातलेली पट्टी ठेवली की ठणका तासाभरात उतरतो. "घरी हेच करत होतो की," असे ऐकून घ्यावे लागते. अँटिबायोटिकबद्दल कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्याचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: निरोगी माणसांत एकाचा जंतुसंसर्ग टाळायला एकोणीस जणांना औषध द्यावे लागते. तिथे मी ते पाकीट डोळे झाकून लिहीत नाही. मधुमेह ताब्यात नसलेल्या काकांची गोष्ट वेगळी. रक्त पातळ करणारी गोळी पेशंट स्वतःच्या मनाने बंद करून येतात, ते दाढेपेक्षा जास्त धोक्याचे आहे.

मग त्रास नसलेली दाढ काढावी का? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितले की निरोगी, न दुखणाऱ्या अक्कलदाढा उगीच काढू नयेत. अनावश्यक शस्त्रक्रियांना त्याने लगाम बसला. पण २०१२ मध्ये मॅकार्डल आणि रेंटन यांनी मागे वळून पाहिले तेव्हा दाढ काढणाऱ्यांचे सरासरी वय २५ वरून ३२ वर गेलेले होते, आणि पुढे झुकलेल्या अक्कलदाढेमुळे शेजारची चांगली दाढ किडल्याची प्रकरणे वाढली होती. म्हणजे दाढ वाचली नाहीच, फक्त काढायला उशीर झाला, आणि तोही हाड कडक होण्याच्या वयात. २०२० च्या कोक्रेन आढाव्याने न दुखणारी दाढ काढावी की ठेवावी याला पुरेसा पुरावा नाही असे म्हटले. माझा कल असा: हाडात पूर्ण गाडलेली, गप्प दाढ असेल तर हात लावू नये. अर्धी वर आलेली, पुढे झुकून शेजारणीला खेटलेली आणि पेशंट पंचविशीचा असेल तर वाट पाहण्यात शहाणपण नाही.

हा शेवटचा निर्णय शिळफाट्यावर पुस्तकासारखा सुटा राहत नाही. दाढ काढल्यावर माणूस परत येणार का? वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब दिवाळीनंतर निघाले की पावसाळ्याच्या तोंडाशीच दिसते. त्यांना विरघळणारे टाके घालतो आणि निघायच्या आठवड्यात दाढ काढत नाही. कारखान्यातला माणूस रात्रपाळीआधी काढून द्या म्हणतो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजीचे लोक कर्जत-खोपोली गाडीने येतात आणि गाडीच्या वेळेवर त्यांची एक नजर असते. अशा वेळी फिल्मवरचे ६ गुण ७ होतात असे मी धरतो. न हसता सांगतो, ही माझी स्वतःची मोजपट्टी आहे, आणि ती कुठल्याही मासिकात छापून येणार नाही.

अवघड निघेल असे वाटले तर पुढे पाठवतो. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएमचे दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला नायर. पाठवताना "अक्कलदाढ काढणे" एवढेच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी. दाढेचा कल आणि खोली, तीन खुणांपैकी कोणती दिसते, तोंड किती मिलिमीटर उघडते, साखर, चालू गोळ्या, सुपारी-तंबाखू, आणि मी काढायला सुरुवात केली होती का. हे शेवटचे लिहायला बरेच जण लाजतात. अर्धवट सोडलेल्या दाढेचा पेशंट दुसऱ्याच्या खुर्चीत जातो तेव्हा सर्वांत मोलाची माहिती तीच असते.

दाढ मीच काढायची ठरली तर आधी संमती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीचा अर्थ नीट लावून दिला: धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पुरेसे सांगितल्यावरच संमती खरी. दवाखान्यात याचा अर्थ छापील कागदावर अंगठा एवढा नव्हे. "ओठ बधिर होऊ शकतो, बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो, एखाद्याचा राहतो," हे वाक्य मी भूल देण्याआधी बोलतो, फिल्मवर बोट ठेवून. काही उठून जातात. त्यातले निम्मे परत येतात.

गेल्या पावसाळ्यात साठीची एक मावशी आली. दुसऱ्या दाढेच्या दुखण्यासाठी काढलेल्या फिल्मवर तिची अक्कलदाढ दिसली: खोल, गाडलेली, मुळावर काळपट पट्टा, नळीची रेघ तुटलेली. पेडरसनने ८ गुण दिले असते. दुखत नव्हती, कधीच दुखली नव्हती, आहे हेच तिला माहीत नव्हते. मुलगा म्हणाला, "आत्ताच काढून टाका, पुढं कटकट नको." मी दुखणारी दाढ भरली, अक्कलदाढ कार्डावर लिहून ठेवली आणि वर्षाने पुन्हा फिल्म काढू म्हणालो. मावशीने उठता उठता विचारले, "काढली असती तर डोळे गेले असते ना?" तसे काही होत नाही, असे सांगून मी तिला पुढच्या पावसाळ्याची तारीख दिली.